चाकांवर पट्टा चढविताना
पाण्यात आणि बर्फात चालणाऱ्या छोट्या गाडीने कारागिराला शिकविलेला धडा

रस्त्याच्या कामावर पोकलेन चालताना आपण सर्वांनीच पाहिला आहे. त्याला चाके दिसत नाहीत, दिसतो तो लोखंडी पट्टा. कुणी त्याला चेन म्हणते, कुणी पट्टा. चिखल असो, मुरूम असो, पोकलेन त्यावरून जातो तो या पट्ट्याच्या जोरावर. आता अशी कल्पना करा की एक छोटी गाडी आहे, तिच्यात दोन ते सहा माणसे बसतात, ती जमिनीवर चालते, पाण्यात उतरली की होडीसारखी तरंगते, आणि बर्फ किंवा दलदल आली की तिच्या रबरी चाकांवरच पट्टा चढविला जातो. काम झाले की पट्टा काढून ठेवायचा आणि गाडी पुन्हा चाकांवर.

ही गाडी आपल्या बाजारातली नाही, कॅनडा-अमेरिकेकडची आहे. मग या पानावर तिची चर्चा कशाला, असे कुणी विचारील. उत्तर असे की पट्टा चढविण्याचे हे काम कारखान्यात कमी आणि गॅरेजमध्ये जास्त होते. ते फिटरचे, टर्नरचे, वेल्डरचे आणि रबराच्या कारागिराचे काम आहे. म्हणजे आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या हातचे काम आहे. एका जोडसामानाभोवती धंदा कसा उभा राहतो आणि त्यात कारागिराची जबाबदारी कुठवर जाते, हे समजून घेण्यासाठी याहून चांगले उदाहरण आम्हाला सापडले नाही.

गाडी कशी असते

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडात ‘जिगर’ नावाची सहाचाकी गाडी निघाली. या जातीच्या गाड्यांची ती सुरुवात मानली जाते. पुढे ओंटारिओ प्रांतातील न्यू हॅम्बर्ग या गावी गिअर बनविणाऱ्या एका कंपनीने १९६७ साली ‘आर्गो’ बाजारात आणली. अमेरिकेत बफेलो शहरात ‘मॅक्स’ तयार होऊ लागली. १९७० च्या सुमारास अशा गाड्या बनविणाऱ्या कंपन्यांची अक्षरशः रांग लागली होती. परंतु होंडाची तीनचाकी खेळगाडी आली, पेट्रोल महागले, आणि यातील बहुतेक कंपन्या त्याच दशकात बंद पडल्या. ज्यांनी शिकारी, जंगलखाते, वीजवाहिन्यांची देखभाल करणारे आणि खाणीचा शोध घेणारे अशी कामाची गिऱ्हाइके धरून ठेवली, त्या टिकल्या. हौसेवर उभा राहिलेला धंदा हौस संपली की संपतो. गरजेवर उभा राहिलेला टिकतो. व्यापाऱ्याने ध्यानात ठेवावी अशी ही पहिली गोष्ट.

गाडीची रचना साधी आहे. जाड प्लॅस्टिकचे, होडीसारखे बंद खोके. त्यात लहान इंजिन. इंजिनाची ताकद किनेटिक होंडा किंवा अॅक्टिव्हात असते तशा बेल्ट-पुलीच्या जोडीतून गिअरपेटीत जाते आणि तेथून साखळ्यांनी दोन्ही बाजूंच्या आसांना मिळते. चाके सहा किंवा आठ. एका बाजूची सर्व चाके साखळीने एकमेकांना बांधलेली, म्हणून ती सारख्याच फेऱ्यांनी फिरतात. पुढची चाके वळत नाहीत. डावीकडे जायचे तर डाव्या बाजूला ब्रेक लावायचा, उजवी बाजू पुढे ढकलते आणि गाडी फिरते. पोकलेनही याच तत्त्वावर वळतो.

गाडीला स्प्रिंग नाही, शॉकअॅब्सॉर्बर नाही. ते काम टायर करतात. मोटारीच्या टायरमध्ये तीसएक पौंड हवा असते, हिच्या फुगीर टायरमध्ये अवघी दोन-तीन पौंड. पाण्यात हेच टायर वल्ह्यासारखे काम करतात आणि ताशी चारएक किलोमीटर वेगाने गाडी पुढे सरकते.

पट्टा कशासाठी

चाकाने काम भागत असेल तर पट्ट्याचा खर्च का? याचे उत्तर वजनाच्या वाटणीत आहे. एक ढोबळ हिशेब करू. गाडी आणि माणसे मिळून ७०० किलो धरा. पट्टा ४५ सेंटीमीटर रुंद आणि जमिनीवर टेकलेली त्याची लांबी १८० सेंटीमीटर. दोन पट्टे मिळून १६,२०० चौरस सेंटीमीटर जागा झाली. म्हणजे एका चौरस सेंटीमीटरवर भार पडला सुमारे ४३ ग्रॅम. आता ७० किलोचा माणूस घ्या. त्याच्या दोन्ही तळव्यांची जागा ४०० चौरस सेंटीमीटर धरली तर उभे असताना भार १७५ ग्रॅम, आणि चालताना एक पाय उचलला की ३५० ग्रॅम. जेथे माणूस गुडघ्यापर्यंत रुततो तेथून ७०० किलोची गाडी वरच्यावर निघून जाते ती यामुळे. नुसत्या टायरवर हाच भार पट्ट्याच्या तीन-चार पट पडतो.

म्हणूनच खोल बर्फाच्या प्रदेशात पट्ट्याला मागणी आहे. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात या गाडीला आर्गोकॅट म्हणतात. तेथे शिकार केलेले हरीण ओल्या, स्पंजासारख्या दलदलीच्या उतारावरून खाली आणण्यासाठी ती वापरतात. जमीन कमी फाटावी हाही तेथील मालकांचा आग्रह असतो.

पट्ट्याचे प्रकार

बाजारात मुख्यतः रबराचे आणि कणखर प्लॅस्टिकच्या कड्यांचे पट्टे मिळतात. रबराचा पट्टा आवाज कमी करतो, खडकावर बरा चालतो. प्लॅस्टिकचा पट्टा हलका असतो, बर्फात उत्तम, परंतु खडकाळ व कोरड्या जमिनीवर झिजतो.

तिसरा प्रकार घरी बनविलेल्या पट्ट्याचा. कारखान्यात माल वाहून नेणाऱ्या कन्व्हेयरच्या जुन्या रबरी पट्ट्यातून लांब पट्ट्या कापायच्या, त्यांवर ठरावीक अंतराने अॅल्युमिनियमच्या, लोखंडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या आडव्या पट्ट्या बोल्टने कसायच्या आणि टायर बाजूला सरकू नये म्हणून आतून दोन्ही अंगांना उभे कान लावायचे. तिकडचे अनेक हौशी लोक असे पट्टे स्वतः बनवितात.

काम सोपे वाटते, पण खरी परीक्षा अंतर मोजण्यात आहे. पहिल्या आडव्या पट्टीपासून शेवटच्या पट्टीपर्यंत प्रत्येक अंतर सारखे हवे. एका ठिकाणी दोन सूत चूक झाली तर चालत नाही असे नव्हे, चालते. परंतु ती चूक प्रत्येक फेरीला चाकाखाली येते, धक्का देते आणि तो धक्का साखळीला व बेअरिंगला बसतो. डाव्या पट्ट्याची लांबी उजव्याहून कमी-जास्त झाली तर दोन्हींचा ताण सारखा राहत नाही आणि गाडी एका अंगाला ओढू लागते. त्यासाठी जाणता कारागीर आधी पत्र्याचा एक नमुना कापतो आणि सर्व भोके त्याच नमुन्यावरून पाडतो. टेप लावून एकेक भोक पाडीत जाणाऱ्याची चूक शेवटपर्यंत साठत जाते.

चढविण्याची रीत

पट्टा चढविण्याआधीचे काम पट्टा चढविण्याहून मोठे आहे. त्याचा क्रम असा.

पहिले, गाडी ठोकळ्यांवर उचलून प्रत्येक चाक हाताने हलवून पाहावे. खेळ असेल तर बेअरिंग गेले आहे. पट्टा चढविल्यावर ते बदलणे म्हणजे सर्व काम दुसऱ्यांदा करणे.

दुसरे, साखळ्या मोजाव्यात. पाऊण इंच पिचच्या नव्या साखळीच्या १६ कड्या बरोबर १२ इंच भरतात. त्या सव्वाबारा भरल्या तर साखळी दोन टक्के वाढली. अशी साखळी पट्ट्याच्या भाराखाली घालू नये, बदलावी.

तिसरे, आणि हे बहुतेक जण विसरतात, प्रत्येक टायरचा घेर टेपने मोजावा. एका बाजूची सर्व चाके साखळीने बांधलेली, वरून पट्टाही एकच. त्यात एक टायर झिजून लहान झालेला असेल तर तो आपल्या गतीने जाऊ पाहतो आणि बाकीचे आपल्या गतीने. दोघांच्या भांडणात इंजिनाची ताकद वाया जाते आणि साखळी झिजते. म्हणून टायर एकाच मापाचे, एकाच झिजेचे आणि एकाच हवेचे असावेत.

चौथे, पट्ट्याला गाडीच्या अंगापासून मोकळी जागा हवी. त्यासाठी चाक आणि हब यांच्यामध्ये स्पेसर घालून चाक बाहेर सरकवितात. येथे कारागिराने थांबून विचार करावा. चाक जितके बाहेर जाईल तितका आसाला वाकविणारा जोर वाढतो. लांब पान्याने नट सहज सुटतो, तोच हा नियम, फक्त येथे तो आपल्या विरुद्ध काम करतो. यासाठी आसाला बाहेरच्या अंगाने आधार देणारे जादा बेअरिंग मिळते. स्पेसर विकणारा पण जादा बेअरिंगची गोष्ट न काढणारा दुकानदार गिऱ्हाइकाला अर्धा माल विकतो.

आता प्रत्यक्ष पट्टा. दोन्ही पट्टे गाडीच्या पुढे सपाट जमिनीवर, चाकांच्या अंतराइतके दूर, एकमेकांना समांतर अंथरावेत. टायरची हवा थोडी कमी करावी. गाडी सावकाश पट्ट्यावर घ्यावी आणि प्रत्येक टायर आतल्या कानांच्या मध्ये बसला की नाही ते खाली वाकून पाहावे. मग मागचे टोक चाकांवरून पुढे ओढून आणावे आणि पुढच्या चाकाच्या पुढ्यात, जेथे दोन्ही हात चालतात अशा उंचीवर, दोन टोके समोरासमोर आणावीत. ट्रकचा माल कसण्याचा दात्यांचा पट्टा येथे कामाला येतो. टोके जुळली की पिन घालावी आणि तिला कुलूपपिन लावावी. बोट घालून भोक जुळले का ते पाहू नये. ताणलेला पट्टा सुटला तर बोट राहत नाही.

पिन बसल्यावर टायरमध्ये कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्यापर्यंत हवा भरावी. पट्ट्याचा ताण हवेनेच येतो. ताण कमी राहिला तर टायर पट्ट्याच्या आत घसरतो किंवा वळताना पट्टा उतरतो. ताण जास्त झाला तर बेअरिंग तापते आणि गाडी जड चालते. दोन चाकांच्या मध्ये वरचा पट्टा हाताने उचलून पाहावा, दोन्ही बाजूंना सारखा उचलला गेला पाहिजे. नंतर दहा-पंधरा मिनिटे सरळ, मग मोठ्या वळणाने गाडी फिरवावी आणि सर्व नट पुन्हा कसावेत. दुसऱ्यांदा पाना फिरविणे हा कामाचाच भाग आहे, उपकार नव्हे.

पट्ट्याचा भार कोण सोसतो

पट्टा काही देतो तसे काही घेतोही. वेग कमी होतो, पेट्रोल जास्त लागते. सर्वात मोठा भार वळताना पडतो. जमिनीवर टेकलेला लांब पट्टा वळताना आडवा खरवडला जातो. बर्फात हे सहज घडते. कोरड्या, टणक जमिनीवर मात्र सारा जोर बेल्ट, गिअरपेटी, ब्रेक आणि साखळीवर येतो. म्हणून टणक जागी जागच्या जागी गिरकी घेऊ नये, पुढे जात जात वळावे. काही कारागीर साखळीचे दातेरी चाक बदलून वेग उतरवितात आणि ओढ वाढवितात. ज्याला पट्टा कायम ठेवायचा आहे त्याला तो सल्ला योग्य आहे.

चिखल व ओला बर्फ टायर आणि पट्टा यांच्यात दाबून बसला की ताण आपोआप वाढतो. रात्री गाडी तशीच उभी राहिली तर सकाळी सर्व गोठून एक होते. तिकडचे जाणते लोक संध्याकाळी पट्टा साफ करतात आणि गाडी फळ्यांवर किंवा फांद्यांवर उभी करतात.

पाण्यात चूक माफ नाही

जमिनीवर पट्टा उतरला तर माणूस पायी परततो. पाण्यात तसे नाही. येथे वजनाचा हिशेब जीवाशी येतो.

समजा, गाडीच्या तळाची जागा दोन मीटर लांब आणि एक मीटर दहा सेंटीमीटर रुंद, म्हणजे २.२ चौरस मीटर आहे. ती एक सेंटीमीटर बुडण्यासाठी २२ किलो वजन पुरते. शंभर किलो लोखंडाचा पट्टा पाण्यातही सुमारे ८७ किलो भरतो, म्हणजे गाडी जवळजवळ चार सेंटीमीटर खाली बसते. याउलट या कामात वापरले जाणारे पॉलिथिलीन पाण्याहून किंचित हलके असते, ते आपला भार आपणच सोसते. काठ आणि पाणी यांच्यात चार बोटांचे अंतर उरले असताना हा फरक किती मोठा आहे ते सांगायला नको.

पट्ट्याच्या आडव्या पट्ट्या पाणी चांगले रेटतात हे खरे. परंतु खालचा पट्टा पाणी मागे ढकलत असतो तेव्हा वरचा, बुडालेला असेल तर, तेच पाणी पुढे आणीत असतो. म्हणून पट्ट्याने पाण्यात फार वेग येईल असे वचन गिऱ्हाइकाला देऊ नये.

दुसरी बाब भोकांची. या गाडीचे खोके ही होडी आहे. जादा बेअरिंगसाठी पाडलेले प्रत्येक भोक म्हणजे होडीला पाडलेले भोक होय. रबरी पॅकिंग आणि सील घातल्यावर गाडी आधी उथळ पाण्यात, काठाजवळ, अर्धा तास उभी करावी आणि आत पाणी येते का ते पाहावे. तळाची बुचे घट्ट आहेत का, पाणी उपसण्याचा पंप चालतो का, हेही त्याच वेळी तपासावे. बसणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर तरंगते जाकीट हवे.

धंद्याचा हिशेब

आपल्याकडे मोठ्या फुगीर चाकांच्या उभयचर गाड्या भारतीय लष्कराने घेतल्या आहेत. ‘एटोर एन१२००’ ही त्यांतली. ऑगस्ट २०२५ मध्ये पंजाबात पूर आला तेव्हा अमृतसर भागात अडकलेल्यांना काढण्यासाठी ती वापरली गेली. या गाड्या पट्ट्याच्या नाहीत आणि आकाराने मोठ्या आहेत. पण पूर आल्यावर अशा वाहनाची किंमत कळते, हे २००५ ची मुंबई आणि २०२१ चे चिपळूण-महाड पाहिलेल्या आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. रबरी पट्ट्याची भातकापणी यंत्रे तर आपल्या देशात शेतात चालूच आहेत. साखळी मोजणे, घेर मोजणे, ताण पाहणे ही कामे त्यांनाही तशीच लागू पडतात. हात तयार असला की काम कोणत्याही नावाने येवो.

एक इशारा मात्र आवश्यक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी झालेल्या वाहनाच्या मूळ रचनेत मनाजोगता बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली हीच बाब स्पष्ट केली आहे. तेव्हा हौशी गिऱ्हाइकाने रस्त्यावरच्या गाडीला काही विचित्र जोडण्याचा आग्रह धरला तर गॅरेजवाल्याने आधी कायदा विचारावा, मग पाना उचलावा.

कामाची किंमत ठरविताना नुसत्या पट्ट्याची किंमत सांगू नये. बेअरिंग, स्पेसर, लांब बोल्ट, साखळी आणि दुसऱ्यांदा तपासण्याची मजुरी, सर्व एकाच कागदावर लिहून द्यावी. ज्या गिऱ्हाइकाचे काम टायरवर भागते त्याला पट्टा विकू नये. मालातला दोष लपवून विकणे हे आपल्या दीनमध्ये फसवणूक ठरते, आणि प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी अशा व्यापाऱ्याबद्दल किती कडक शब्द वापरले ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. गिऱ्हाईक गाडीखाली वाकून पाहत नाही. तो आपल्या शब्दावर पाण्यात उतरतो. त्याचा जीव ही आपल्याकडे सोपविलेली अमानत असते.

आणखी एक विनंती. आपल्या गॅरेजमध्ये उस्तादाकडून शागीर्दाला विद्या तोंडी मिळते. उस्ताद गेला की निम्मी विद्या त्याच्याबरोबर जाते. एक साधी वही ठेवा. गाडी कोणती, साखळी किती वाढली होती, हवा किती भरली, काय मोडले आणि का मोडले, तारखेनिशी लिहा. तिकडच्या ज्या कंपन्या टिकल्या त्यांच्याजवळ छापील पुस्तिका होती. आपल्या मुलांजवळ निदान आपली वही असावी.

कुरआनमध्ये हजरत दाऊद (अलै.) यांचा उल्लेख आहे. अल्लाहने त्यांच्यासाठी लोखंड मऊ केले आणि चिलखत बनविताना कड्यांचे माप नीट राखण्याची आज्ञा दिली. एका प्रेषिताला दिलेल्या आज्ञेत कडीच्या मापाचीही गोष्ट यावी, याहून कारागिराचा मोठा मान कोणता? चिलखताची एक कडी चुकली तर भाला तेथूनच आत शिरतो. पट्ट्याची एक कडी चुकली तर गाडी पाण्याच्या मध्यावर थांबते. माप सांभाळणारा हातच त्या दोन्ही ठिकाणी माणसाला सुखरूप काठावर आणतो.